वालधुनीकाठची मोकळी घरं

स्वातीचा फोन आला तेव्हा मी माजिवड्याच्या घरी मेथी निवडत बसले होते. स्वाती म्हणजे सुमनकाकूंची सून. "ताई, आई गेल्या," ती म्हणाली. सकाळी चहा घेतला, कप विसळून पालथा घातला, जरा पडते म्हणून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. कुणाला त्रास द्यायचा नाही हा हट्ट त्यांनी शेवटपर्यंत चालवला. मला मात्र त्यांचा रागच आला. थोडे दिवस आधी फोनवर बजावलं होतं, "संक्रांत आली हं जवळ. यंदा मी जनाबाईंना आणणारच. तू लवकर ये." दरवर्षी त्या हेच म्हणायच्या आणि दरवर्षी मी हो म्हणायचे.

काकू माझ्या नात्यातल्या नव्हेत. विठ्ठलवाडीच्या बाजूला, वालधुनी नदीच्या काठाशी आमची बैठी चाळ होती, तिथे आमच्या आणि त्यांच्या घरात एकच भिंत होती. त्या भिंतीतून त्यांना आमच्या घरातलं सगळं ऐकू यायचं आणि त्या ते लपवायच्याही नाहीत. "काल आईला उलट बोललीस ना?" असं दुसऱ्या दिवशी नळावर विचारायच्या. चाळीच्या टोकाला जनाबाई राहायच्या. आम्ही कोकणातून, देशावरून आलेले. जनाबाई इथल्याच, आगरी. चाळ उभी राहिली त्या जागी त्यांच्या सासऱ्यांची भातशेती होती. काकू आणि जनाबाई यांचं रोज कशावरून तरी वाजायचं, कधी वाळवणाच्या दोरीवरून, कधी पाण्याच्या पाळीवरून, आणि दुपारी दोघी एकाच परातीत हात घालून पापडाचं पीठ मळत बसलेल्या असायच्या.

पावसाळ्यात घरात पाणी येणार, हे आम्ही धरूनच चालायचो. गाद्या माळ्यावर, पिठाचे डबे फळीवर. काकूंची पंचाईत वेगळी होती. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि त्यांना फळीवर ठेवता येत नव्हतं. एका पावसाळ्यात भरदुपारी पाणी इतकं झपाट्याने चढलं की काकू खाटेपाशी उभ्या राहून नुसत्या रडायला लागल्या. घरात पुरुषमाणूस नव्हतं. जनाबाई कंबरेएवढ्या पाण्यातून आल्या, म्हातारीला पाठुंगळी घेतलं आणि शिडीवरून माळ्यावर नेऊन बसवलं. वरून काकूंना ओरडल्या, "रडतेस कशाला? वरती ये नि म्हातारीला धर." पुढे ज्या ज्या वेळी पाणी आलं, त्या त्या वेळी जनाबाई आपलं घर सोडून आधी काकूंकडे आल्या.

मग काही वर्षांनी पालिकेने ठरवलं की काठावरची घरं मोबदला देऊन विकत घ्यायची, पाडायची आणि जागा कायमची मोकळी ठेवायची, म्हणजे पाण्याला पसरायला वाव राहील. चाळीत सभा झाली. आधी कोण हो म्हणतंय याची सगळे वाट बघत होते. काकू उठून म्हणाल्या, "मी जाते. मला म्हातारीला परत माळ्यावर चढवायचं नाही." त्यांच्यामागून एकेक घर तयार होत गेलं. शेवटी जनाबाईंचं एकटं घर उरलं आणि एकट्या घरात राहणार कोण? सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा त्या काकूंच्या दारात आल्या. मी तिथेच होते. "तू उठलीस म्हनून सगली उठली," जनाबाई म्हणाल्या. "म्हातारीला उचलाला मी होते ना?" मला वाटतं, जमिनीपेक्षा जनाबाईंना तेच जास्त लागलं होतं. त्यानंतर त्या काकूंशी बोलल्या नाहीत.

काकू डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर राहायला गेल्या, जनाबाई कल्याणला मुलाकडे. बाकीचे जिथे जागा परवडली तिथे पांगले. काकूंना कोरडं घर मिळालं पण चैन पडेना. मोकळ्या जागेवर कुणी पार्किंग म्हणत होतं, कुणी हॉल. काकू चाळीतल्या बायकांना गोळा करून वॉर्ड ऑफिसात गेल्या. तिथल्या इंजिनिअरबाईंना म्हणाल्या, "बांधू काहीच नका. फक्त घरांची जोती तेवढी राहू द्या, बसायला होतील." बाई समजूतदार होत्या. भिंती गेल्या, राडारोडा उचलला गेला, झाडं लागली, आणि वीतभर उंचीची जोती जागच्या जागी राहिली. आता तिथे संध्याकाळी आजोबा लोक गप्पा मारतात, आजूबाजूची पोरं क्रिकेट खेळतात. चेंडू कुठे गेला हे सांगताना ती पोरं आमची आडनावं घेतात. "सावंतांच्या मोरीत गेला रे," असं मी स्वतः ऐकलंय. सावंत म्हणजे आम्ही!

पहिल्या संक्रांतीला काकूंनी फतवा काढला: हळदीकुंकू तिथेच करायचं. प्रत्येकीने आपापल्या जोत्यावर बसायचं आणि बाकीच्यांनी घरोघर जायचं, पूर्वीसारखं. कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, ज्यांचे यजमान नाहीत त्यांचं काय? काकू म्हणाल्या, "नवरा असो-नसो, घर होतं ना? मग बसायचं." गेलो आम्ही. आणि काय सांगू, भरल्या मैदानात, जिथे ना दार ना भिंत, तिथे एकूणएक बाई जोत्याला वळसा घालून पूर्वीच्या दाराशी गेली, चपला काढल्या आणि मगच आत पाऊल टाकलं. बाकावरची दोन माणसं तोंडावर रुमाल धरून हसत होती. आम्हालाही हसू आलं, पण भिंतीतून जायचं धाडस कुणालाच झालं नाही.

फक्त टोकाचं जोतं रिकामं राहायचं. दर संक्रांतीआधी काकू कल्याणला जाऊन जनाबाईंना बोलावून यायच्या. जनाबाई चहा द्यायच्या, सोबत काहीतरी खायला द्यायच्या, पण तोंडातून शब्द काढायच्या नाहीत. काकू परत येऊन म्हणायच्या, "चहात आलं होतं. म्हणजे येईल." त्या यायच्या नाहीत. मग काकू त्यांच्या जोत्यावर हळदीकुंकू वाहून तिळगूळ ठेवायच्या. "कुत्री खातात हो ते," मी एकदा चिडून म्हटलं. "खाऊ देत. तिच्या दारातली कुत्री उपाशी नव्हती कधी," त्या म्हणाल्या. भर पावसात त्या मला पुलावर घेऊन गेल्याचंही आठवतं. पाणी आमच्या जोत्यांवरून पसरत होतं आणि काकू छत्री धरून शांतपणे बघत होत्या. "बसू दे त्याला आता निवांत," म्हणाल्या. "कुणाला उचलायला नको."

यंदा काय करायचं हा प्रश्नच होता. घरातलं माणूस गेल्यामुळे स्वातीकडे वर्षभर सण नाही, म्हणजे काकूंचं जोतं मोकळं राहणार. मी जनाबाईंना भेटायला कल्याणला गेले. काकू गेल्याचं त्यांना कळलं होतं. त्यांनी मलाही आल्याचा चहा दिला आणि खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. येणार का, असं विचारायचं मला धैर्य झालं नाही.

रथसप्तमीआधीच्या रविवारी आम्ही जमलो. कुणाचंच मन नव्हतं, उगाच वाट्या मांडणं, पदर सारखे करणं चाललं होतं. रस्त्याला रिक्षा थांबली आणि जनाबाई उतरल्या. आता वाकल्या आहेत. हातात पिशवी. सरळ त्यांच्या जोत्याकडे जातील असं वाटलं, पण त्या तिथे थांबल्या नाहीत. काकूंच्या जोत्याला वळसा घालून दाराशी आल्या, चपला काढल्या आणि आत जाऊन बसल्या. पिशवीतून कोयरी काढली, तिळगुळाचा डबा काढला.

"जनाबाई, तुमचं घर तिकडे," कुणीतरी हळूच म्हणालं.

"माजं घर कुठं पलतंय?" त्या म्हणाल्या. "सुतक तिच्या घरात हाय, माज्या नाय. तिचं दार बंद नको आजच्या दिवशी."

पहिली मी गेले. मला कुंकू लावताना त्यांचं बोट कपाळावरच थांबलं. "दरसाल यायची बोलवाला," त्या म्हणाल्या. "मना वाटायचं, पुढल्या साली जाऊ... यंदा आयली असती मी."

मला रडू आवरलं नाही. बायका दाराबाहेर चपला काढून थांबल्या होत्या. जनाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि त्यांना आत बोलावलं.