पावलांची वही

सकाळपासून तिसऱ्यांदा चहा गाळून पावलंकाका तो ओट्यावरच विसरले, तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, पायाला भिंगरी लावलीय का? बसा की जरा!"

बसवेल कसं? निकामी दारूगोळा जाळायच्या माळावर त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. दारूगोळ्याचा गाडा खड्ड्यापर्यंत ढकलत न्यायचा आणि प्रत्येक खड्डा फाटकापासून किती पावलांवर आहे ते मोजून वहीत लिहायचं, हे त्यांचं काम. नाव पडलं ते त्यावरूनच. आता माळाची नासलेली माती काढणाऱ्यांना या वहीखेरीज दुसरा आधार नव्हता. लेक तिथंच मातीचे नमुने घ्यायची आणि बापाची वही तळहातावरच्या फोडासारखी जपायची.

चाळीसपैकी पस्तीस खड्डे वहीत होते तिथंच सापडले. शिसं आणि अर्धवट जळलेली दारू मिसळलेली माती गाड्या भरभरून गेली. शेवटच्या पाच जागी मात्र माती स्वच्छ. सफाईचे साहेब खूश. आज माळ स्वच्छ झाल्याच्या कागदावर सही झाली की सोमवारपासून मुलं तिथं खेळायला मोकळी. सगळ्यांना आनंद, एकट्या काकांना सोडून.

दुपारी लेकीच्या मागोमाग ते माळावर पोचले, तर साहेबांनी पेन उघडलेलंच होतं.

"सही नका करू," काका म्हणाले. "ते पाच खड्डे आहेत. भरलेले आहेत. शेवटच्या वर्षी गुडघ्यानं दावा मांडला होता. मोजायला मी चाललोच नाही साहेब. झाडाखाली बसून आकडे ठोकून दिले."

एकतीस वर्षांची अब्रू माणूस सावलीत बसून घालवतो, ती अशी. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. काकांना लेकीकडे बघायचा धीर होईना. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कुठलं झाड?" तिनं विचारलं. आवाज कोरडा होता.

"तोडलं ते. त्या पलीकडं बुंधा आहे बघ."

"गुडघा एवढा दुखत होता म्हणता, मग गाडा ढकलत लांब कशाला गेला असाल? खड्डे तिथंच आसपास असणार."

काकांनी मान डोलावली. तिनं नमुन्यांच्या रिकाम्या पिशव्या उचलल्या.

"बुंध्यापासून वीसेक पावलं असतील, फार तर पंचवीस," ते घाईघाईनं म्हणाले.

"पावलं नका सांगू बाबा," ती म्हणाली. "नुसतं बोट दाखवा."