काकांची फॅक्टरी

चामोर्शीहून चुलतभावाचा फोन आला, "दादा, बाबा गेले..." मी शाळेत निघालो होतो, डबा हातात होता. खाली बसलो. आणि मनात पहिला विचार आला तो असा की आता माझे व्याही येणार आणि त्यांना काकांचं वर्कशॉप दिसणार. रडू त्यानंतर आलं. दीड महिना झाला, पण हा क्रम काही मला बदलता आलेला नाही, म्हणून तसाच लिहितो आहे.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. आठवडी बाजाराच्या मागे टिनाची शेड, आत भाता, ऐरण आणि काका. धान कापायचे विळे बनवत. पातं कोणीही ठोकून देईल, काकांचा जीव विळ्याच्या लाकडी मुठीत. बाई विळा मागायला आली की तिच्या हातात ओल्या मातीचा गोळा देत. "आवळ, बाई. वावरात आवळते तशी आवळ, लाजू नको." मातीत उमटलेली बोटं बघून लाकूड तासत. एका बाईला करंगळी नव्हती. तिच्या मुठीसाठी त्यांनी तिला तीनदा बोलावलं होतं. इतर गिऱ्हाइकं तोवर बसून राहत, गावभरच्या गोष्टी करत.

मी चंद्रपूरला मुलांना इंग्रजी शिकवतो. तीस वर्षं शब्दांचे अर्थ सांगून पोट भरलं, त्यामुळे पुढचं पाप अजाणता घडलं असं म्हणायची सोय नाही. मुलीला बघायला भद्रावतीची मंडळी आली होती. मुलाचे वडील तिथल्या मोठ्या कारखान्यात कामाला. नवा शर्ट घालून बसलेल्या काकांकडे बघून त्यांनी विचारलं, "आपण काय करता?" काकांनी तोंड उघडण्याआधी मीच बोललो, "चामोर्शीला फॅक्टरी आहे त्यांची." फॅक्टरीतल्या माणसासमोर! काकांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि भाजलेल्या डागांचे दोन्ही हात हळूच मांडीखाली घेतले. पोहे आले तरी ते हात बाहेर काढेनात.

पाहुणे गेल्यावर मला म्हणाले, "काऊन रे, वर्कशॉपात काय खराबी आहे?"

"काका, दोन्ही एकच," मी म्हणालो. वर्गात एखाद्या पोरानं असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

"एक कसं? फॅक्टरीत विळे बनतेत. माह्या इथी त्या बाईचा विळा बनते." मग थोडं थांबून म्हणाले, "जाऊ दे. पोरीचं जमून राह्यलं ना?"

जमलं. लग्नात काका मागच्या खुर्चीवर बसले. पुढच्या चार वर्षांत व्याह्यांनी चामोर्शीचं नाव काढलं की मी रस्ता खराब आहे म्हणायचो, नाहीतर फॅक्टरीला सुट्टी द्यायचो. इतक्या सुट्ट्या आमच्या शाळेलासुद्धा नसतात.

अंत्यविधीला व्याह्यांना येता आलं नाही. तेरवीला आले. जेवणं झाल्यावर म्हणाले, "गुरुजी, किल्ली घ्या, शेडमध्ये जाऊन येऊ." मी शेड हा शब्द ऐकूनही न ऐकल्यासारखा केला. वाटेत मात्र धीर केला. "भाऊ, एक सांगायचं होतं. ती फॅक्टरी..."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यापासून. काकांनीच बोलावलं मले. म्हणाले, पोरगा इंग्रजी शिकवते, पण ह्या दोन शब्दांत त्याची गफलत होते. मनावर घेऊ नका, अन् आमच्या पोरीले बोलू नका." व्याही चालत होते, माझ्याकडे बघत नव्हते. "मी बोललोही नाई. येत राह्यलो. चहा छान करायचे."

काकांनी मला खोटारडा ठरू दिलं नव्हतं, अडाणी ठरवून सोडवलं होतं. आणि चार वर्षं माझी मुलगी सासरी सुखानं होती ती माझ्या फॅक्टरीमुळे, असंच मी समजत होतो.

कुलूप मी काढलं. आत अंधार. कुठे काय ठेवलेलं असतं ते मला ठाऊक नव्हतं, उंबऱ्यातच घुटमळलो. व्याही सरळ आत गेले, न चाचपडता हात लांबवून खिडकीची फळी सरकवली, भिंतीला टेकवलेला पाट घेऊन त्यावर बसले. ऐरणीपाशी एक गोणपाट अंथरलेलं होतं, मधोमध दबलेलं.

"या," ते म्हणाले. "बसा काकांच्या जागेवर."

मी उभाच राहिलो.