प्रेत नसलेले तेरावे

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, सोलापुरात एका इसमाचे तेरावे यथासांग पार पडले, पंगती उठल्या, खीर संपली. परंतु मयताचे प्रेत कोणीही पाहिलेले नव्हते.

नोकरीत पुष्कळ गुन्हे पाहिले, पण हे प्रकरण काही मनातून जात नाही. काळ एकोणीसशे तीसच्या आसपासचा. मी शहरात फौजदार होतो. गिरणीच्या चाळीत तेव्हा एक नवा पंथ निघाला होता. त्याची प्रमुख गिरणीत रीळ भरणारी एक विधवा. सगळे तिला अक्का म्हणत. दारू-ताडी सोडलेली माणसे तिच्याकडे जमत. मराठा, तेलुगू विणकर, चांभार, मुसलमान, सगळे एका पंगतीत जेवत. त्यामुळे गावातली प्रतिष्ठित मंडळी आणि ताडीचा ठेकेदार, एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे, यांना एकाच वेळी धर्माची काळजी लागली.

खबर दिली मैंदर्गीच्या एका शेतकऱ्याने. त्याचा धाकटा भाऊ गिरणीत रंगखात्यात होता. तो बेपत्ता झाला, आणि अक्काच्या मठात त्याचे तेरावे घातल्याचे कानावर आले. तपासात भावाचे कपडे तळ्याच्या काठी सापडले. पंचनामा झाला, अक्का कोठडीत आली. वरचे साहेब खुनाचे कागद मागू लागले. प्रकरण फाशीपर्यंत जाणार, अशी चिन्हे होती.

जबानी घ्यायला बसलो.

"तेरावं कुणाचं घातलंस?"

"जुन्या माणसाचं. आमच्यात येतो त्याचं घालतोच आमी. कापडं पाण्यात सोडायची, डोकं भादरायचं, जुनं नाव टाकायचं."

"म्हणजे तो जिवंत आहे?"

"हाय की."

"मग दाखव."

"न्हाय साहेब. त्यानं आपल्या पायानं घरी जायचं. तवर कुणी बोट दाखवायचं न्हाय. दाखवलं की दोस्त येत्यात, अन् गुत्त्यावर नेत्यात."

"अक्का, फासावर जाशील."

"मग माझं तेरावं तुमी घाला."

हवालदाराला हसू फुटले; माझ्याकडे बघून त्याने त्याचा खोकला केला.

शेवटी मठातली सगळी पुरुष मंडळी ठाण्याच्या आवारात रांगेने बसवली आणि बेपत्ता माणसाच्या बायकोला ओळखीसाठी आणले. सगळ्यांची डोकी तुळतुळीत, मिशा गायब, नजरा खाली; नाव विचारले, तर प्रत्येकजण "जुनं नाव मेलं" एवढेच सांगे. खबर देणाऱ्या भावाला धाकटा ठाऊक होता तो दाढी वाढलेला आणि झिंगलेला. त्याने नकारार्थी मान हलवली. आणि थोरला दीर समोर, म्हणून बाईचा पदर नाकापर्यंत! ती रांगेवरून दोनदा फिरली. दिसले असतील तर गुडघे.

कोठडीतून अक्काने हाक दिली, "साहेब, माणसं सकाळधरनं उपाशी हायती. आदी जेवू द्या."

बाईने गाठोड्यातून भाकरी आणि शेंगाचटणी आणली होती. ती तशीच पदराआडून वाढत गेली. बाकीचे जेवू लागले. एकाने मात्र चटणीत बोटाने तेलासाठी आळे केले आणि हात आखडून वाट बघत बसला. बाई तिथेच थांबली. त्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी गळू लागले.

अक्का त्याच दुपारी सुटली. मी त्या नवराबायकोला मैंदर्गीला जायला गाडी देऊ केली, तर अक्का म्हणाली, "ठाण्याच्या दारातनं तरी त्याला आपल्या पायानं जाऊ द्या."

नवा पंथ निघाला की आपण आधी त्यात गुन्हा हुडकतो. पण काही माणसांना जुन्या नावाने जगणेच अशक्य झालेले असते. ते नाव कुणीतरी त्यांच्या अंगावरून उतरवावे लागते. हे मला अक्काने शिकवले. एका निरपराध बाईला फासापर्यंत नेण्याचे पाप माझ्या हातून टळले, याबद्दल मी तिचा आणि त्या मैंदर्गीच्या बाईचा आजही ऋणी आहे.

त्या बाईचे सांगायचे राहिलेच. तिने तेलाची बुधली उघडली, आळ्यात धार धरली, आणि थोरल्या दिराचा, फौजदाराचा, साऱ्या ठाण्याचा धाक विसरून बोलून गेली, "अवो, मेल्यावर तरी तेल कमी खायला शिकायचं की!"