पाणीवाल्या बेबीताई

बेबीताईंनी एकवीस वर्षं मिलच्या विणखात्यात पाणी पाजलं. सूत तुटू नये म्हणून तिथल्या खिडक्या बंद, हवा दमट, आणि माणसं घामाने निथळत असत. कोणाला आता भोवळ येणार, हे ताईंना नुसत्या चेहऱ्यावरून कळायचं. ब्याण्णवच्या थंडीत मिलला टाळं लागलं आणि छत्रीबागेतल्या खोलीत त्यांना दुपार खायला उठू लागली.

समोरच उस्ताद प्रतापरावांची तालीम होती. त्यांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते, नि शिस्तही तशीच. जोर सुरू झाले की माती झटकेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. पाण्याने पहलवान ढिला पडतो, असं ते म्हणत.

पुढच्या मे महिन्यात तालमीतला पंधरा वर्षांचा भूषण वजन उतरवत होता. त्याचे वडील ताईंच्याच खात्यात विणकर होते, आता घरीच बसून. स्पर्धा जिंकली तर खेळाच्या होस्टेलात जागा, म्हणजे दोन वेळचं जेवण आणि दूध मिळणार होतं. त्याच्या वजनगटापेक्षा दोन किलो जास्त भरत होते, म्हणून तीन दिवस पोरगा स्वेटर घालून पळत होता आणि नुसत्या चुळा भरत होता.

संध्याकाळी ओट्यावर तांदूळ निवडताना ताईंची नजर तालमीच्या दारातून आत गेली. बाकीच्या पोरांच्या पाठी घामाने चमकत होत्या, भूषणची कोरडीठाक. उस्तादांनी हाक मारली तर तो भलतीकडेच वळला. ताईंनी सूप खाली ठेवलं. त्या तालमीत बायका जात नसत. ताई उंबऱ्याशी चप्पल काढून सरळ आत गेल्या.

"उस्तादजी, याला घाम येत नाहीये."

"मग वजन उतरलं की, बाई."

"आत पाणीच उरलं नाही त्याच्या. बसवा त्याला."

प्रतापराव काही बोलायच्या आत भूषणचे गुडघे दुमडले. पोरांनी त्याला लिंबाखाली सावलीत नेलं, अंगावर बादल्या ओतल्या. ताई ओल्या पदराने वारा घालत राहिल्या. त्याने डोळे उघडून "ताई" म्हटल्यावरच त्यांनी मीठ-साखरेचं पाणी त्याच्या ओठांना लावलं.

"गटागटा नको रे. घोट घोट घे."

मग टेम्पोने दवाखाना, सलाइनच्या दोन बाटल्या. पोरगा वाचला, स्पर्धा गेली. त्याचे वडील ताईंना म्हणाले, "जान बचली, ताई. पण जागा गेली." दोन दिवस ताईंना जेवण गोड लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी प्रतापराव दारात येऊन उभे राहिले.

"विणखात्यात कसं करायचात तुम्ही?"

"तहान लागायची वाट बघायची नाही. अर्ध्या तासाने थोडं थोडं. फार घाम गेला तर चिमूटभर मीठ, साखर, लिंबू."

"मला वडिलांनी पाण्याशिवायच तयार केलं."

"तुम्हाला तहान लागायची नाही?"

प्रतापराव हळूच म्हणाले, "लागायची. एकदा म्हशींच्या हौदातलं पाणी प्यालो होतो. चोरून."

ताईंनी आतून तांब्या-भांडं आणून त्यांच्यासमोर ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून मातीच्या कडेला माठ आला आणि ताईही आल्या. "बेबीताईंनी थांब म्हटलं की थांबायचं," असं उस्तादांनी सगळ्यांसमोर सांगितलं. वजन घटवायला पोरांना स्वेटर घालून पळवणं बंद झालं. भूषण पुढच्या वर्षी वरच्या वजनगटात खेळला. अंतिम कुस्ती हरला, पण निवड करणाऱ्यांच्या नजरेत भरला आणि होस्टेलात गेला.

निघताना तो ताईंच्या पाया पडला. त्यांनी मीठ-साखरेची पुडी हातात ठेवली, तसा हसला. "ताई, वहाँ सब मिलता है."

"मिळत असेल रे," त्याच्या केसांवरून हात फिरवत ताई म्हणाल्या, "पण मागायला लाजू नकोस."