ताईंचं नाव

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी सहा महिने मी चाकणच्या एका कंपनीत ट्रेनी होते. आमच्या घरातून कॉलेजपर्यंत गेलेली मी पहिलीच.

कागदावर माझे मार्गदर्शक एक साहेब होते. शनिवारी येऊन ते डायरीवर सही करत. शिकवलं मात्र तपासणीच्या टेबलावरच्या ताईंनी. त्या मराठवाड्यातून आलेल्या, कंत्राटावर, जवळच्या निघोजे गावात खोली करून राहायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातातलं मोजमापाचं गेज काढून घेतलं.

"डोळे मिट. पार्टच्या कडेवरून बोट फिरव. काय लागायलंय?"

"काही नाही."

"परत फिरव. लग्नाला जायचंय का कुठं?"

तिसऱ्या वेळी धातूचा केसाएवढा काटा बोटाला लागला. त्या उत्तर कधीच सांगत नसत. मी खराब पार्ट पास केला, तर तो गुपचूप परत माझ्याच ट्रेमध्ये ठेवत. पुढे डिग्रीला हेच एका धड्यात आलं, शिकणाऱ्याला उत्तर देऊ नये, प्रश्न द्यावा. तो धडा मी शेवटपर्यंत वाचू शकले नाही.

ताईंचा गुडघा गेला होता. आठ तास उभं राहणं होत नव्हतं. नव्या ट्रेनिंग रूममध्ये शिकवायला एक माणूस घेणार होते, बसून करायचं काम, आणि निवड आम्हा ट्रेनींच्या फॉर्मवरून होणार होती. डबा खाताना त्या म्हणाल्या, "माझं नाव टाकशील नं गं?"

"तुमचंच टाकणार, ताई."

फॉर्म साहेबांच्या केबिनमध्ये भरायचा होता. 'कोणाकडून शिकलात? पूर्ण नाव.' पेन तिथेच थांबलं. सहा महिने मी नुसतं ताई म्हणत आले होते. ओळखपत्र त्यांच्या ॲप्रनच्या आत असायचं. टेबल बाहेर पन्नास पावलांवर होतं. पण आता जाऊन नाव विचारायचं? मला लाज वाटली. मी साहेबांचं नाव लिहिलं.

बाहेर आल्यावर ताईंनी विचारलं, "टाकलंस?" मी 'हो' म्हणून मान हलवली.

ते काम दुसऱ्या लाइनवरच्या एका कंत्राटी कामगाराला मिळालं. त्याच्या ट्रेनींना त्याचं नाव ठाऊक होतं.

वर्षभराने माफी मागायला गेले. टेबलावर दुसरीच बाई होती, म्हणाली, गुडघ्यामुळे सोडलं. कुठे गेल्या ते तिला माहीत नव्हतं. मी गेटवर वॉचमनना पत्ता विचारला.

त्यांनी रजिस्टर उघडलं. "इथं सगळ्याच ताई हायत, पोरी. नाव सांग."