घोंगडी आणि शेवटची स्लाइड

"घोंगडी खांद्यावर घे, तबक हातात धर, पाहुणे आले की हस. आणि हो, तुझी ती शेवटची स्लाइड काढून टाक."

चारही सूचना सचिवांनी एका दमात दिल्या. परभणीत आमच्या औषधशास्त्र संस्थेचं राष्ट्रीय अधिवेशन भरलं होतं. मी त्यात शोधनिबंध वाचणार होते. गळ्यात तसा बिल्ला होता. "फोटोत बरं दिसत नाही," म्हणत त्यांनी तो काढायला लावला आणि माझ्या हातात घोंगडी दिली. नवी कोरी. दुकानाची चिठ्ठी अजून तिला चिकटलेली.

माझा विषय साधा होता. येलदरीच्या आसपास मेंढ्या राखणारे आमचे लोक जंतांवर एका झुडपाच्या पाल्याचा रस पाजतात. मी तो तपासला. जंत मरतात. हे सगळ्यांना आवडलं. पण गाभण मेंढीला पाजला तर ती गाभडते, पोटातलं कोकरू जातं. हे कुणालाच आवडलं नाही. शेवटची स्लाइड त्याची होती.

"अध्यक्ष उद्घाटनातच या औषधाची घोषणा करणार आहेत," सचिव म्हणाले. "तुझ्याच वडिलांचा सत्कार ठेवलाय. तुझ्याच लोकांचा मान आहे हा."

"सर, पण गाभण मेंढ्या..."

"मेंढ्या तू राख. शास्त्र आम्ही राखतो."

बाजूचे दोघे हसले. त्यातले एक माझे मार्गदर्शक.

खोटं कशाला सांगू, मीही हसले. तबक धरलं. पाहुण्यांना कुंकू लावलं. एका पाहुण्यांनी आपुलकीनं विचारलं, "नाचाचा कार्यक्रमही तुमचाच का?"

माझा राग संस्थेवर नव्हता. तालुक्याच्या कॉलेजात तिच्या नियतकालिकाचे जुने अंक यायचे. आपलं कुठं चुकलं हे छापून सांगणारी माणसं मी पहिल्यांदा त्यांत पाहिली. आमच्या गावात, देवळात, कॉलेजात असं कुणी करत नव्हतं. संस्थेच्याच एका कार्यशाळेत एका म्हाताऱ्या बाईंनी शिकवलं होतं, गुण नंतर सांगा, अपाय आधी. हातात तबक धरून मी त्यांना सभागृहात शोधत होते. त्या नव्हत्या. असल्या बायांना अशा वेळी बोलावत नाहीत.

उद्घाटन लांबलं. वातींपेक्षा त्या पेटवणारे जास्त होते. अध्यक्षांनी घोषणा केली. टाळ्या. माझ्या वडिलांना, आबांना, फेटा बांधला, पहिल्या रांगेत बसवलं. फेटा सुटेल या धास्तीनं ते मान हलवत नव्हते.

मग माझं नाव पुकारलं गेलं. खांद्यावर घोंगडी तशीच.

आमच्या लोकांत भांडणाचा निवाडा करायचा तर घोंगडी अंथरतात. तिच्यावर उभा राहिलेला माणूस खोटं बोलत नाही. बोललाच, तर पुढं त्याच्या हातचं पाणीही कुणी पीत नाही. सचिवांना हे ठाऊक नव्हतं. त्यांना ती फोटोसाठी हवी होती.

मी चपला काढल्या. घोंगडी व्यासपीठावर अंथरली. तिच्यावर उभी राहिले. सभागृहाला वाटलं, सांस्कृतिक कार्यक्रम आहे. टाळ्या पडल्या. फक्त आबांची मान हलली.

शेवटची स्लाइड मी पहिली लावली.

"हा रस गाभण मेंढीला पाजला तर ती गाभडते. ज्या कळपांत हे पाहिलं, त्यांत माझ्या वडिलांचा कळप आहे. आत्ता झालेली घोषणा मागे घ्यावी."

वेळ संपल्याची घंटा वाजली. माझा वेळ धड सुरूही झाला नव्हता. मग माइक बंद झाला. मेंढ्यांमागं ओरडत वाढलेल्या मुलीला माइक लागत नाही. मी सगळं वाचलं.

बाहेर सचिव म्हणाले, "पुढच्या अधिवेशनाला तुला कोण बोलावतं ते बघतो."

"मी आजीव सदस्य आहे, सर. मला बोलावणं लागत नाही."

आबा फाटकापाशी उभे होते. फेटा हातात.

"लय शिकलीस. साऱ्या जगापुढं बापाला येडं ठरवलंस. ते बी घोंगडीवर हुबी ऱ्हाऊन."

"तिच्यावर हुबी व्हते म्हून तर खोटं बोलता आलं न्हाई, आबा."

फेटा काखेत मारून ते चालू लागले. अजूनही नीट बोलत नाहीत. पण गाभण मेंढ्यांना पाला पाजणं त्यांनी बंद केलंय. आई सांगते.

अधिवेशनाचा अहवाल आला. घोषणा आहे. तबक धरून हसणारी मी आहे. अपाय नाही. मी लिहून विचारलं, उत्तर नाही. तो अहवाल वाचून उद्या कुणीतरी कुठंतरी गाभण मेंढीच्या तोंडात तो रस ओतेल.

संस्था व्यासपीठावरच्या खुर्च्यांची नाही. चूक छापणाऱ्यांची आहे. म्हणजे माझीही. मी ती सोडणार नाही.

वार्षिक सभेला मी जाणार आहे. तीच घोंगडी नेणार आहे. व्यासपीठासमोर अंथरीन आणि सचिवांना म्हणेन, या सर, हिच्यावर उभे राहा. आता बोला.