काचेआडचं ऊन

गेटवाल्या मावशीच्या चेहऱ्याला दोन वयं होती. डावीकडून पाहिलं तर पंचेचाळिशीची तरतरीत बाई, उजवीकडून पाहिलं तर साठी उलटलेली. डावा गाल तुकतुकीत. उजव्या गालावर कानापासून नाकाच्या कडेपर्यंत वांगाचा तपकिरी पट्टा, आणि डोळ्याखाली, ओठाच्या कोपऱ्यात सुरकुत्यांचं दाट जाळं. भिवंडीजवळ पूर्णा गावच्या गोदामांच्या रांगेतल्या एका गोदामाच्या गेटवर ती पंधरा वर्षं बसली. केबिनची काचेची खिडकी तिच्या उजव्या हाताला, पश्चिमेकडे. दुपारी बारापासून सुटी होईपर्यंत ऊन त्याच गालावर. हे इतकं उघड होतं, की कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

माझं काम पत्रकं वाटायचं. भिवंडीतल्या आमच्या मंडळाने गोरेपणाच्या मलमांविरुद्ध मोहीम काढली होती, आणि पत्रकाचा मजकूर मी लिहायचे. मी लिहिते तशीच बोलतेही, उद्गारचिन्हांसकट. शिफ्ट सुटताना बायकांना गाठायचं म्हणून गेले, तर मावशीने काच सरकवून हात पुढे केला. "कागद दे. वाचते, मंग सांगते आत सोडायची का न्हाय." कानामागची पेन्सिल काढून तिने दोन्ही पानं वाचली, दोन ठिकाणी खुणा केल्या. "ओरडतेस लय, पुढारीनबाय. पन खरं लिवलंस. जा आत." त्या दिवसापासून माझं नाव पुढारीनबाय पडलं ते पडलंच.

तिचा एक खेळ होता. ट्रक आत यायचा, ड्रायव्हर कागद द्यायला हात बाहेर काढायचा, आणि मावशी कागदाआधी त्याचा हात आणि गाल बघून गाडी चालवल्याची वर्षं सांगायची. "अठरा साल?" ड्रायव्हर हबकून म्हणायचा, "मौसी, उन्नीस. आपको कैसे पता?" मग माझ्याकडे वळून ती म्हणायची, "बघ, खिडकीकडचा हात काळा, दुसरा गोरा. खिडकीकडचा गाल बापाचा, आतला मुलाचा." हसायची खूप. स्वतःच्या गालाचं मात्र तिने तसं कधी मोजलं नव्हतं. तिचं म्हणणं, वांग धाकट्या मुलीच्या वेळी पोटुशी असताना उठलं. दोन्ही गालांवर होतं. डावीकडचं हळूहळू विरलं, उजवीकडचं राहिलं. "एका बाजूची उष्णता गेली, एका बाजूची न्हाय गेली," असं तिला कोणीतरी सांगितलेलं.

केबिनची ड्युटी म्हणजे मानाची. डोक्यावर पत्रा, बसायला खुर्ची, समोर रजिस्टर. बाकीच्या बायका मागच्या यार्डात उघड्यावर उभ्या राहून माल मोजायच्या. ती खुर्ची सुटू नये म्हणून मावशी जिवापाड जपायची. सुपरवायझर मात्र येता-जाता सुनावायचा. "मावशी, बडी पार्टी येणार आहे व्हिजिटला. गेटवर जरा फ्रेश चेहरा पायजे. हे तोंडाला काय झालंय? दुसऱ्याला लागत तर नाय ना?" पंधरा वर्षं जिने एक ट्रक चुकीचा आत सोडला नाही, तिला हे ऐकावं लागलं. मला आजही त्याचा राग आहे, आणि तो ओसरावा अशी माझी इच्छाही नाही.

म्हणून तिने निजामपुऱ्यातल्या एका दुकानातून वांगावरच्या औषधाची डबी आणली. बिनानावाची, पांढऱ्या झाकणाची. दुकानदार आपल्या हाताने दोन-तीन मलमं घोटून त्यात भरायचा. मावशी ते सगळ्या तोंडाला लावायची. पहिला महिना गाल उजळला. मावशी खूश. मग गाल पातळ दिसायला लागला, लाल शिरा दिसू लागल्या, चुलीपुढे गेलं की आग व्हायची. मी डबी पाहिली आणि पेटले. असल्या मलमात स्टिरॉइड असतं, कातडी खातं, हे मला पाठ होतं. "मावशी, आजच्या आज फेका!" आमच्या पत्रकाचा मथळाच तो होता.

तिने पत्रक पुन्हा काढलं, पेन्सिल फिरवली. "मलमावर दोन पानं. उन्हावर एक ओळ बी न्हाय. उन्हात गेलं का जास्त जळतं गं."

"तुम्ही कुठे उन्हात बसता? तुम्ही तर काचेच्या आत!"

तिने पत्रकाची घडी घालून ते रजिस्टरखाली सरकवलं. मला वाटलं, मी जिंकले. संध्याकाळी तिने डबी नाल्यात टाकली.

आठवड्याच्या आत तिचं तोंड सुजलं. दोन्ही गाल लाल, पुळ्या, खपल्या. पाणी लावलं तरी ओरडायची. नेमकी त्याच आठवड्यात ती पार्टी आली. सुपरवायझरने तिला केबिनमधून उठवलं आणि मागच्या यार्डात उभं केलं, भर उन्हात, त्या तोंडाने.

मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. त्वचेच्या डॉक्टरबाई तरुण होत्या, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी चेहरा दिव्याखाली धरला, डावीकडे वळवला, उजवीकडे वळवला आणि पहिला प्रश्न विचारला, "तुमची खिडकी कुठल्या बाजूला असते?"

मग त्यांनी समजावलं. वांग गरोदरपणात उठतं, घराण्यातही असतं, हे खरं. पण त्याला पोसतं ऊन. तेच ऊन कातडीचा खालचा थर सैल करतं, सुरकुत्या आणतं, आणि तो बिघडलेला थर वरच्या रंग बनवणाऱ्या पेशींना डिवचत राहतो. "डाग वेगळे आणि म्हातारपण वेगळं असं समजू नका. तुमच्या या गालावर दोन्ही एकाच खिडकीतून आलंय." मी म्हटलं, मध्ये काच आहे. त्या म्हणाल्या, "साधी काच भाजू देत नाही, म्हणून माणूस बिनधास्त बसतो. कातडी म्हातारी करणारं ऊन काचेतून आत येतं." मावशीने माझ्याकडे पाहिलं नाही, हे तिचं मोठेपण.

"आणि ते मलम एकदम बंद करायला कोणी सांगितलं? हळूहळू उतरवायचं असतं. म्हणून हे एवढं उसळलंय."

मी तिथेच होते, दोन हातांवर. माझ्या पिशवीत चाळीस पत्रकं होती. मी तोंड उघडायच्या आधी, किंवा मी उघडणार नाही हे ओळखून, मावशी म्हणाली, "मीच बंद केलं, म्याडम. मनाला आलं नि टाकलं."

 परतताना कोन गावी तिच्या घराशी रिक्षातून उतरताना ती म्हणाली, "उद्या कागद आन. अर्ज लिवायचाय."

अर्ज तिने सांगितला, मी लिहिला. "पयली मागणी, केबिनच्या काचेला उन्हाची फिल्म लावा."

"मावशी, पहिली मागणी तुम्हाला गेट परत द्या ही हवी!"

"ज्या काचेनं माजं तोंड खाल्लं तिथं आता नवी पोरगी बसते. लगीन न्हाय झालं तिचं अजून. ती आधी. दुसरी मागणी, यार्डात शेड आनि बायकांना मोठ्या काठाच्या टोप्या. लिव." तिसरी मागणी तिने सांगितलीच नाही. मी दोनदा विचारलं. "पुरे," म्हणाली.

सुपरवायझरने अर्ज मोठ्याने वाचून हसं केलं. "अरे, ये वेअरहाउस है का ब्युटी पार्लर?" पण खाली सत्तावीस बायकांच्या सह्या होत्या. दोन महिन्यांनी काचेला फिल्म लागली, यार्डावर हिरवी जाळी आली. टोप्या आल्या नाहीत. आणि ज्या आठवड्यात जाळी बांधली, त्याच आठवड्यात मावशीचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. 'मॅनपॉवर कमी केली' एवढंच कारण. गेटवर धरणं धरायचं मी ठरवलं होतं, फलकसुद्धा रंगवले. मावशीने अडवलं. "गेटवर बसू नको. त्या पोरीलाच आधी तुज्यापुढं उभं करतील, हिला हाकल म्हनून. मना ठावं हाय, मी पंधरा वरसं तेच केलंय." मी फलक गुंडाळले. ते बरोबर केलं की चूक, मला अजून कळलेलं नाही.

तोंड निवायला सहा महिने गेले. सुरकुत्या राहिल्या. वांग थोडं फिकं झालं. डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं की ऊन अडवाल तेवढंच ते थांबेल. घरात बसून तिला करमेना. शेवटी मुरबाडला थोरल्या मुलीकडे राहायला जायचं ठरलं. जायच्या आदल्या रविवारी तिने कोनच्या घराच्या ओट्यावर आळीतल्या बायका जमवल्या आणि मला निरोप धाडला. "नवीन पत्रक घेऊन ये. वाचून दाव सगल्यांना."

नव्या पत्रकाचं पहिलं पान उन्हाचं होतं. मी वाचलं. बायकांनी ऐकलं. मग वाळवणं घालून विकणारी एक बाई पदराआडून तसलीच डबी काढून म्हणाली, "मंग ताय, ही आजच फेकू ना?"

ओट्याच्या टोकाला मावशी तांदूळ निवडत होती.

"फेकू नका," मी म्हटलं. "आधी डॉक्टरला दाखवा. मागे मी एका मावशीला एकदम फेकायला लावली. तिचं तोंड सोलून निघालं. त्या तोंडावरून तिला गेटवरून उठवलं, पुढे नोकरी गेली. डॉक्टरांनी विचारलं, बंद करायला कोणी सांगितलं? तेव्हा मी शेजारी उभी होते. गप्प बसले. तिने स्वतःवर घेतलं."

 दोघी-तिघींनी मावशीकडे पाहिलं. तिचा हात सुपात थांबला होता.

"आता हे बी छाप," ती म्हणाली, आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.

छापलं. मंडळातले म्हणतात, त्या परिच्छेदाने आपलीच अब्रू जाते, काढून टाक. मी काढलेला नाही.